साफ आवाज, फाटका आवाज आणि मेणाचा गोळा

माझं नाव हलीमा, आणि हे आधी लिहून घ्या, कारण पुढे सगळा प्रश्न नावाचाच येणार आहे. जन्म मालवणचा, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मी प्रमाण मराठी बोलते याचं तुम्हाला नवल वाटत असेल, पण तीस वर्षांहून जास्त काळ हायस्कुलात विज्ञान शिकवलं की जिभेला तेच वळण लागतं. घरात आम्ही मालवणीच बोलतो, आणि राग आला की मीसुद्धा मालवणीच बोलते.

बाबांकडे होड्यांवरचे रेडिओ यायचे. खारं वारं काय करतं ते काय सांगू तुम्हाला, तांब्याच्या तारेवर हिरवी बुरशी चढते, पितळेचा स्क्रू काळा पडतो, आणि आज जोडलेला सांधा सहा महिन्यांत सुटतो, म्हणून आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या कारागिरांची एक रीत होती, दुरुस्ती झाली की सांध्यांवर मेण वितळवून ओतायचं. मेणबत्तीचं साधं मेण. त्याखाली वारं जात नाही. आणि त्या रीतीच्या पोटात आणखी एक रीत होती, ती नीट समजून घ्या, की दुसऱ्या कारागिराचं मेण खरवडायचं नाही. मेण लावलं म्हणजे तो म्हणतो आहे, इथलं काम मी पाहिलं आहे, तुम्ही पुढे बघा. त्याचा मान ठेवायचा.

मी नवव्या वर्षी डाख द्यायला, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायला, शिकले. बाबांचं शिक्षण एका वाक्याचं होतं, पैलां आयक, मगे उघड. रेडिओ आला की पाच मिनिटं नुसता ऐकायचा, गुरगुरतो की फुरफुरतो, गरम झाल्यावर बिघडतो की आधीपासून, आणि मग स्क्रूला हात लावायचा. बाबांची नजर पुढे कमी झाली आणि मी पंधरासोळा वर्षांची असताना निम्म्याहून अधिक रेडिओ मीच करत असे, आतल्या खोलीत बसून, आणि बाबा ते बाहेर नेऊन देत. एकदा बाबा बाजारात गेले होते आणि एक तांडेल, होडीवरचा मुख्य, रेडिओ घ्यायला आला, मी म्हटलं हा घ्या, मी केला आहे, तर तो रेडिओकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि म्हणतो, तू केलंस? उस्ताद खंय गेले गो? ऱ्हवांदे थंयच, उस्ताद इल्यावर तेंका दाखवून नेतंय. रेडिओ वाजत होता हो. त्याच्या समोर वाजत होता. मी बाबांना सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, लोकांका कशाक सांगूक होया? रेडिओ वाजता मां? मगे झाला तर. बाबा वाईट नव्हते. पण त्या दिवशी मला कळलं की मेण नुसतं सांध्यांवरच ओततात असं नाही.

दुकान अर्थातच भावाला मिळालं. मकबूल माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, त्याला डाख देता येत नव्हता, आजही येत नाही, त्यानं तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान काढलं आणि ते बरं चाललं. मी सावंतवाडीला कॉलेज केलं आणि शिक्षिका झाले. शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप, का, तर पोरं उपकरणं मोडतील. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, सर, न मोडलेलं उपकरण म्हणजे न वापरलेलं उपकरण, किल्ली द्या. दोन वर्षं मागत होते. तिसऱ्या वर्षी त्या कपाटाच्या बिजागऱ्या मी स्क्रू ड्रायव्हरनं काढल्या, दोन्ही दारं एकत्र उचलून भिंतीला टेकवून ठेवली आणि कुलूप मात्र तसंच लावलेलं राहू दिलं. पुढे कोणी किल्लीचा विषय काढला नाही.

निवृत्त झाल्यावर मी घराच्या पडवीत टेबल मांडलं आणि पाटी लावली, उघडून बघू. एवढंच. मकबूल म्हणाला, आपा, ह्या वयाक आता बस कर गो, लोक हसतत. मी म्हटलं, हसतत तर हसांदे, हसताना त्यांचा रेडिओ बंद पडलो तर माझ्याकडेच आणतले.

आता मूळ गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी वैशाली, आता चौतीस वर्षांची आहे, ओरोसला सरकारी कार्यालयात नोकरी करते, आणि बेस गिटार वाजवते. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, तिचं काम खालचे स्वर धरून ठेवायचं, घराच्या जोत्यासारखं. कार्यालयातल्याच चौघांनी मिळून गाण्याचा गट केला आहे आणि त्याचा म्होरक्या नितीन, तो साधी गिटार वाजवतो, माणूस हुशार आहे, फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्त माहीत आहे. वैशालीनं गोव्याच्या एका वादकाकडून फझचं जुनं पेडल आणलं. पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी, गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडतात, आणि फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाडायचा, इतका वाढवायचा की लहरीचा माथा कापला जाऊन सपाट होतो आणि स्वर खरखरीत, दातेरी निघतो. ऐकायला मोठा झोकदार लागतो. पण वैशाली पडवीत येऊन बसली ती रडवेली. म्हणाली, बाई, दाबलंय की आवाज बरो फाटता, पण खालच्या सुरांचा बूड खंय जाता ता कळना नाय. नितीन म्हणता, एक तर फझ सोड नायतर बूड परत आण, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सावंतवाडीक कार्यक्रम आसा, तोपर्यंत जमला नाय तर बेस कीबोर्डावर वाजवूया, तू टाळये वाजव. टाळ्या वाजव म्हणाला हो, नऊ वर्षं बेस वाजवणाऱ्या बाईला.

मी आधी पाच मिनिटं ऐकलं. मग तिला फळ्यावर सांगावं तसं सांगितलं. हे बघ, फझच्या वाटेवर पहिलाच कॅपॅसिटर लहान आहे, तो साध्या गिटारीसाठी बसवलेला, खालचे स्वर तो दारातच अडवतो. तर आपण स्वराला दोन वाटा देऊ. एक वाट फझमधून, फाटक्या आवाजाची. दुसरी वाट बाजूनं, साफ आवाजाची, तिच्यात मी एक ट्रान्झिस्टर घालते, म्हणजे एक वाट दुसरीला ओढणार नाही. शेवटी दोन्ही वाटा एका फिरवायच्या खुंटीवर आणू, खुंटी डावीकडे तर सगळं साफ, उजवीकडे तर सगळं फाटकं, आणि मध्ये ठेवली तर दोन्ही, जोतंही राहील आणि वरची खरखरही. वैशालीनं डोळे पुसले आणि विचारलं, उघडलंय तर बिघडात काय? मी म्हटलं, बिघडात. मगे परत उघडूया.

उघडलं. आत पट्टीवर दोन ट्रान्झिस्टर आणि कोपऱ्यात मेणाचा सुपारीएवढा गोळा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कोणी तरी किनाऱ्यावरचाच हात लागला होता याला. मेणाला मी शिवले नाही. ट्रान्झिस्टर दोन मोजले, कारण हे मोजावंच लागतं, फझच्या मांडणीत प्रत्येक ट्रान्झिस्टर लहर उलटी करतो, वरचं खाली आणि खालचं वर, दोन असले की उलटीची पुन्हा सुलटी होते, म्हणजे फाटका आवाज सुलट, माझ्या ट्रान्झिस्टरच्या खालच्या पायावरून घेतलेला साफ आवाजही सुलट, दोघांचं जमेल. डबीला भोक पाडलं, खुंटी बसवली, सांधे दिले, आणि शनिवारी दुपारी एसटीनं स्वतः ओरोसला गेले, नितीनच्या क्वार्टरमध्ये त्यांचा सराव असतो तिथे.

खुंटी डावीकडे, उत्तम. उजवीकडे, उत्तम. मध्ये आणली आणि आवाज पातळ झाला, अगदी पेजेसारखा. नितीन हसायलाच लागला, म्हणाला, बाई, एकटो साफ वाजता, एकटो फाटको वाजता, आणि दोघय एकत्र इले की कोणच वाजणा नाय, ह्यां तर आमच्या ऑफिसासारख्या झाला! सगळे हसले, मीही हसले, विनोद चांगला होता. मग तो म्हणाला, रागावू नका, पण ह्यो काय रेडिओ नाय, तुमच्या काळातला काम वेगळा. वैशाली मान खाली घालून तारा पुसत होती. मी म्हटलं, नितीन, रेडिओतही हीच वीज असते, वेगळी आणत नाहीत. तुमच्या रविवारला अजून आठ दिवस आहेत. तोवर हिच्या जागी कोणी बसायचं नाही, मला शब्द द्या. त्यानं दिला, हसत दिला, पण दिला.

परतीच्या एसटीत मी विचार केला. दोन चांगले आवाज एकत्र येऊन नाहीसे होतात, याचा अर्थ एकच, एकाचा माथा येतो तेव्हा दुसऱ्याचा खळगा येतो. हा धडा मी दर वर्षी शिकवला आहे, आणि मुलांना उदाहरण रापणीचंच द्यायचे. किनाऱ्यावर जाळ्याच्या दोन दोरांना दोन रांगा लागतात, दोघी मिळून ओढतात तर जाळं येतं, पण एकीनं ओढलं त्याच वेळी दुसरीनं सोडलं तर माणसं दमतात आणि जाळं जागच्या जागी. म्हणजे माझ्या दोन वाटांतली एक उलटी होती. माझी वाट मला ठाऊक होती. मग फझमध्ये उलट्या तीन होत्या, दोन नव्हे. आणि तिसरी लपायला जागा एकच होती.

रविवारी सकाळी मी ते मेण खरवडलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं मेण खरवडलं, आणि खाली तिसरा ट्रान्झिस्टर, कोणी तरी आवाज वाढवायला मागाहून घातलेला, सुबक, एक नंबर काम. ना खूण, ना कागद, ना नाव. मला त्याचा राग नाही आला. मला माझा राग आला. जिनं कपाटाच्या बिजागऱ्या काढल्या ती एका मेणाच्या गोळ्यापुढे आदबीनं हात जोडून उभी राहिली होती. मान ठेवायचा तर उघडून पाहून ठेवायचा, न पाहता ठेवला तो मान कसला?

दुरुस्ती सोपी होती, तीही लिहून घ्या, कोणाला उपयोगी पडेल. साफ वाटेतल्या माझ्या ट्रान्झिस्टरच्या ज्या पायावरून मी आवाज घेत होते त्या पायावर लहर सुलट मिळते आणि वरच्या पायावर उलट. वरच्या पायाला खालच्याइतकाच रोध लावला, आणि एकच तार या पायावरून त्या पायावर नेली. आता दोन्ही वाटा उलट्या, म्हणजे दोन्ही एका दिशेच्या. वैशालीला बोलावलं. खुंटी मध्ये ठेवून तिनं सर्वांत जाड तार छेडली आणि पडवीतल्या फळीवरच्या बरण्या वाजल्या. मकबूल दुकानातून धावत आला, काय पडला गो, काय पडला? मी म्हटलं, काय पडूक नाय, उभा ऱ्हवला.

सावंतवाडीला तलावाच्या काठी दुपारचा कार्यक्रम होता. मी मुद्दाम मागे उभी राहिले, ऐकायला. वैशालीनं पायानं पेडल दाबलं, वर खरखर उठली आणि खाली जोतं जागच्या जागी, पायाच्या तळव्यांना कळत होतं. नितीननं वाजवता वाजवता एकदा तिच्याकडे वळून पाहिलं आणि मग आपल्या गिटारीचा आवाज थोडा कमी केला. नंतर तो माझ्याकडे आला, म्हणाला, बाई, माझ्या गिटारीच्या अॅम्पात कसलो तरी गुरगुराट आसा, आणून ठेवू काय? मी म्हटलं, ठेवून जायचं नाही, समोर बसायचं आणि स्क्रू स्वतः काढायचे. आणि वैशालीला सगळ्यांसमोर सांगायचं की टाळ्या वाजवायचं काम आता प्रेक्षकांचं. त्यानं सांगितलं. कान लाल झाले होते, पण सांगितलं. मागच्या आठवड्यात येऊन बसला होता इथेच, तुम्ही बसला आहात त्या खुर्चीवर, आणि पहिली पाच मिनिटं मी त्याला नुसतं ऐकायला लावलं.

मेण मी परत लावलं. खारं वारं कोणाची गय करत नाही, तेव्हा मेण हवंच. पण या वेळी झाकणाच्या आतल्या बाजूला कागद डकवला, त्यावर पूर्ण आकृती काढली, तीन ट्रान्झिस्टर फझचे आणि चौथा माझा, तिसऱ्यापुढे लिहिलं, कारागीर अज्ञात, काम उत्तम, आणि खाली लिहिलं, बदल करणारी हलीमा, मालवण. मकबूल म्हणाला, आपा, झाकणाच्या आत कोण वाचतला? मी म्हटलं, जो उघडेल तो. बाकीच्यांसाठी मी लिहिलेलंच नाही.

आता सकाळी हात थोडा थरथरतो, चहा झाला की थांबतो. थांबेनासा होईल तेव्हा वैशाली डाख देईल, मी शेजारी बसून सांगेन. आणि माझ्यामागे ती डबी जो कुणी उघडेल, बाई असो बुवा असो, त्याचा हात स्थिर राहो, त्याचे कान शाबूत राहोत, आणि माझं मेण खरवडायला त्याला माझी परवानगी आहे. खाली त्यानं आपलं नाव लिहावं. कागदावर जागा सोडली आहे.