बॅटरीचा ब्रश

—हसू नका पावणं, वस्तरा गालावर हाय. दात घासायला मशीन घेतली म्हनून लोधिवलीत माझी वरात काढायचीच काय ती राहिली. सकाळी मोरीवर घुर्रर झालं की शेजारची अंबाबाई भिंतीपलीकडून इचारते, मिक्सर लावला का रं आबाजी एवढ्या सकाळी? इचारू दे. दात माझे, तोंड माझं, मी त्यात बॅटरीचा ब्रश घालीन नायतर आनखी काय घालीन.

मान जरा वर — हां. आन ही बाजूची खुर्ची संतोषची, माझ्या पोराची. तो तर पिच्छाच सोडत नाय. म्हनतो, बाबा, तुमाला तोंडात मशीन चालते, मग गिऱ्हाइकाच्या दाढीला का नाय चालत? ट्रिमर घ्या, वस्तरा खाली ठेवा आता. जनू दोनी एकच. अरं, ब्रश नुसता दातावर धरला की तो आपला आपन फिरतो, हाताला कामच नाय. वस्तरा तसा नाय, वस्तरा हातानंच फिरवायचा असतो. चाळीस वरसं फिरवला — इचारा फाट्यावर कुनालाबी, आबाजीनं कुनाला कापलं का कदी. नाय कापलं. साधा ब्रश मी काय हौसेनं सोडला? रोज हिरडी सोलून निघायची, चूळ भरली की लाल पानी — हातच ऐकंना सकाळचा, त्याला काय करनार —

सकाळचाच हां. दहा वाजले की बसतो जाग्यावर.

घड्याळ काय बघताय? आरशात उलटं दिसतं ते. अडीच नाय, साडेनऊ झालेत.

हलू नका. हलू नका म्हनतो ना, गळ्याशी आलोय. असं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं की वस्तरा जागचा हलत नाय — हे बघा, हलला? संतोष असला की मला नुसता फेस लावायला ठेवतो, आन कपडा झटकायला. त्याला वाटतं, म्हाताऱ्याला धड दिसत नाय. आज तो खोपोलीला ब्लेडं आनायला गेलाय, म्हनून गिऱ्हाईक माझं. ब्रशाचं खरं त्याला नाय सांगितलं मी. म्हातारा थेर करतोय, म्हनतो — म्हनू दे. थेर चालतात मला. हात गेला हे कळलं तर वस्तरा कायमचा काढून घेईल तो, आन मग मी काय करू दिवसभर, बाकावर बसून जुनं पेपर चाळू? नाय ठेवनार मी वस्तरा खाली. सांगून ठेवतो.

उठलात? अर्धीच झालीय अजून.

बरं. उठा. धरून नाय ठेवत कुनाला. फेस पुसा, कानाखाली ऱ्हायलाय. पन जायच्या आधी झालेल्या गालावरनं एकदा हात फिरवा. टोचतंय कुठं? नाय ना. रगत? तेबी नाय. आन आता तुमच्या हातातल्या टॉवेलाकडं बघा. माझे दोनी हात हितं खुर्चीवर हायत, पावणं. मग थरथरतोय तो हात कुनाचा?

जावा आता. टेंपो सुटंल तुमचा.