आजोबांची गंजी

...झोप? झोपेचं नाव काढू नका! तुम्हाला सांगतो, ऑक्टोबरपासून डोळ्याला डोळा नाही! नदीपलीकडच्या कुरणात घाम गाळून गवताची गंजी रचली मी, आणि तिच्या पोटात बीळ करून झोपलेत कोण... आजोबा! माझे नव्हेत हो! ते... केसाळ, मध खाणारे, थंडीभर झोपणारे. आमच्या इकडे थेट उत्तरेला, याना नदीकाठी त्यांचं खरं नाव घेत नाहीत, झोपेतसुद्धा जमिनीतून ऐकू जातं त्यांना! बिळाच्या तोंडाशी श्वासाचं हिव साचलेलं दिसलं, आणि मी जो पळालो तो थेट घरी. ते झोपलेत, मी जागा!

बायकोला म्हटलं, "तुयारा, राहू दे ते गवत." तर फणकारली, "राहू दे? मग मेपर्यंत चार गाई काय तुमचे बूट खातील?"

झालं! दर तिसऱ्या दिवशी, उणे पन्नासात, घोड्याच्या गळ्यातली घंटा काढून, चोरपावलांनी, स्वतःचंच गवत चोरायला निघायचं! आणि वाटेत रानाचा थाट बघायचा... ससोबांना नवा पांढरा कोट, तित्तर बर्फात सूर मारून गुडुप, उंदरांची कोठारं भरलेली, आणि तळ्याकाठचा तो पालीसारखा इवलासा जीव, तो तर लाकडागत गोठतो आणि बर्फ वितळला की उठून चालायला लागतो! सगळ्यांची सोय केली देवानं, मलाच तेवढा विसरला? ते झोपलेत, मी जागा!

फेब्रुवारीत कडेचं गवत संपलं. उरलं ते आजोबांचं पांघरूण! इकडे गाई हंबरतायत, धाकटी कालवड तर उभी राहीना... सासरे बैबाल, ऐंशीचे, शांतपणे म्हणाले, "जावईबापू, रीत विसरलात? गवत काढा, पण कावळ्यासारखं ओरडत काढा. जाग आलीच तर आजोबा म्हणतील, कावळ्यानं नेलं!"

अहो, नातवंडं आहेत मला! आणि मी हातात दाताळं घेऊन 'काव! काव!' करत मूठमूठ गवत उपसतोय... तेवढ्यात आतून आवाज आला, "हुंऽऽ!" घोडा बर्फावरच्या घसरगाडीसकट पसार! माझे पाय जागीच. म्हटलं, "मी नव्हे हो आजोबा, कावळा! काव!" ...आत कूस बदलली, आणि चक्क घोरायला लागले! इतका हेवा वाटला ना मला त्यांचा, की भीतीच विसरलो.

दोन महिने कावकाव केली. चारी गाई जगल्या, कालवड उड्या मारतेय. एप्रिलअखेर आजोबा उठले, आळस दिला, गेले. आभार? छे! म्हटलं, आता झोपतो... तर गाई व्यायल्या, नदीला पूर आला, आणि जूनमध्ये सूर्यच मावळेना! झोपायचं कधी? तरी परवा पडलो जरा आडवा, तर तुयारा हजर.

"अहो, उठा! कुरण कापायला आलंय. आणि यंदा गंजी जरा मोठी रचा, शेवटी शेवटी फार गारठले असतील हो आजोबा."

रचतोय... मोठी रचतोय. काय करणार? ते झोपणार, मी जागा!