जर्मनीत दाढ दाखवाय गेलते

माझं नाव शेवंता. माहेर गगनबावड्याकडचं, दिली उचगावात. मालक फौंड्रीत भट्टीवर हुते, मी चार घरची भांडी केली, आन् एकुलत्या पोराला, संजयला, इंजिनेर केला, तो गेला जर्मनीला. मिश्रीची सवय मला सासूनं लावली. संजयच्या येळंला दाढ ठणकाय लागली तर म्हातारीनं तंबाखू तव्यावर काळी हुस्तवर भाजली, कुटली आन् म्हणाली, चोळ बोटानं दाताला. ठणका गेला, मिश्री ऱ्हायली. तवापास्नं मिश्री लावल्याबिगर मला परसाकडं हुईत न्हाय, आता ह्या वयात काय लाजायचं सांगायला.

तर सुनेचं बाळंतपण करायला मी तिकडं तीन म्हयनं गेलते. मिश्रीचं पुडकं बॅगेत, डबी कनवटीला. सून चांगली हाय, पुण्याची, शिकल्याली, तिला ह्यातलं काय ठावं न्हवतं. संजयनं इमानतळावरच सांगितलं, आई, हिच्यासमोर ते नको. बरं म्हटलं. मग न्हाणीला आतनं कडी घालायची, खिडकी उघडायची आन् चोळायची, आन् तिथली थंडी काय सांगू तुम्हाला, हाडं वाजायची, पर तलफ ऐकती व्हय.

दुसऱ्या म्हयन्यात दाढ सुजली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गाल पुरीवानी फुगला. तिथं उठलं आन् दवाखान्यात गेलं असं न्हाय, आधी टायम घ्यावा लागतो. डाक्टरीण तरणी, संजयएवढीच. मला खुर्चीवर आडवी केली, तोंडात आरसा घातला, मग संजयला कायतरी इचारलं. त्यानं मान हलवली. मी म्हटलं, काय म्हणती रे? तर म्हणाला, तंबाखू खाता का इचारत्यात, मी सांगितलं, आमची आई तसलं काय करत न्हाय.

तसलं. पावणं, दाढंपरास ते लागलं मला. ह्याच तोंडानं तुझे मुके घेतले की रं मी. पर गप बसले, म्हटलं परक्या मुलखात पोराची इज्जत हाय, त्याचा शब्द कशाला पाडायचा.

बाईनं परत आरसा घातला, गालाच्या आतनं एका पांढऱ्या डागावर बोट लावलं, मलाबी आरशात दाखवला आन् परत तेच इचारलं. संजय परत न्हाय म्हणाला. तवा मला माझी थोरली जाऊ आठवली, तीबी मिश्री लावायची. तिच्या गालात असाच पांढरा डाग आलता, तिनं लपवला, शेवटी तोंड उघडंना, चमचाभर पाणी आत जाईना, माझ्या मांडीवर गेली ती. मी स्वेटर वर केला, कनवटीची डबी काढली आन् डाक्टरणीच्या हातात ठेवली, बोटानं चोळून दाखवलं. तिनं वास घेतला, तोंड वाकडं केलं न्हाय, माझ्या खांद्यावर हात ठेवला. संजय भिंतीकडं बघत उभा.

दाढ काढली. डागाचा तुकडा तपासाय पाठवला. रिपोट येस्तवर संजय घरात कुणाशी बोलंना, मला वाटलं पोरगं रागावलं. रिपोट सुनेनंच वाचला, तवर तिला समदं कळलं हुतं, कॅन्सर न्हाय म्हणाली, पर मिश्री सोडा आन् दर सहा म्हयन्यानं तोंड दाखवा. संजय बाहेर जिन्यात जाऊन बसला आन् रडाय लागला. म्हणाला, आई, मी न्हाय न्हाय म्हणत ऱ्हायलो, तू गप बसली असतीस तर? म्हटलं, बसणारच हुते की.

आता हितं उचगावातच असते. मिश्री सुटली, पर सहज न्हाय, पहिलं दोन म्हयनं नुसती गुरगुरत हुते सगळ्यांवर. दर सहा म्हयन्यानं बसनं कोल्हापुरात राजारामपुरीला जाते, डाक्टराला तोंड दाखवून येते. डाग हाय तेवढाच हाय. तिकडं जर्मनीत आपल्याकडच्या कुणाची आई, सासू आली आन् दात दुखाय लागला की डाक्टरणीशी बोलाय संजयलाच संगं नेत्यात. मला फोनवर सांगतो, आई, खुर्चीत बसायच्या आधी मीच इचारतो, मावशी, मिश्री लावता न्हवं, लाजू नका, माझी आईबी लावायची. औक्षवंत हुं दे पोरगं माझं.