बत्तीस रिकामे रकाने

क्रांती: आवो, आदी ऐका तर. आळशी म्हना, येडी म्हना, पन न बघता शून्य टाकलं म्हनू नगा. अठरा वर्सं झाली शिरोलीच्या फौंड्रीत माल तपासतो मी. आजवर एक शून्य खोटं टाकल्यालं न्हाय.

राजस: मावशी, मी कुठं तसं म्हणालो? तुम्ही बसा आधी. मला एवढंच कळेना, तुम्ही माझ्याकडं कशा आलात?

क्रांती: आमच्या हापिसातल्या कृष्णातनं कॉम्प्युटरात एक फाइल उघडून दावली. वरच तुमचं नाव, खाली उचगाव, कोल्हापूर. मी म्हटलं, उचगाव तर हितं हाय की! वडापची जीप धरली आणि इचारत इचारत आलो.

मीनाक्षी: राजस, कोण आलंय रे?

राजस: आई, या क्रांतीमावशी, शिरोलीच्या एका फौंड्रीतल्या. त्यांच्याकडं मी लिहिलेली सॉफ्टवेअरची लायब्ररी वापरतात.

मीनाक्षी: ती फुकटातली? अगंबाई! पाच वर्षांत ती वापरणारं माणूस पहिल्यांदाच बघतेय मी. चहा टाकते.

क्रांती: चा नगो वैनी. चारला मालकाम्होरं चौकशी हाय माजी. अडीच तर हितंच वाजलं.

राजस: कसली चौकशी?

क्रांती: ट्रकच्या ब्रेकचं ड्रम करतो आमी. मागच्या म्हैन्यात एक दिस तडं बघायचं मशीनच बंद पडलं. बत्तीस ड्रम तपासायचं ऱ्हायलं. मी कॉम्प्युटरात तड्याचा रकाना रिकामा सोडला. रिकामा म्हंजे बघितलं न्हाय. शून्य म्हंजे बघितलं, तडा न्हाय. आन् छापून आलेल्या कागदावर बत्तीसच्या बत्तीस शून्य! खाली तपासनाराचा म्हनून माजा नंबर. त्यो कागुद बघून माल गेला. गिऱ्हाइकाला एका ड्रमात तडा घावला. गाडीला लावायच्या आदी घावला, न्हायतर कुनाचं तरी घर बसलं असतं. आता मालक म्हंत्यात, क्रांतीनं जाग्यावर बसून शून्य वडली.

राजस: तुमची सगळी माहिती एका मोठ्या कंपनीच्या डेटाबेसात असते, पैसे भरून घेतलेल्या. कागद छापणारा प्रोग्रॅम वेगळाच. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, म्हणून मधे दुभाषी लागतो. माझी लायब्ररी म्हणजे तो दुभाषी. ओपन सोर्स आहे. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, वापरावा.

क्रांती: कृष्णात ह्येच म्हनला. म्हनला, मूळ पेटीत रकानं अजून रिकामंच हायती, वाटंत शून्य झाल्यात. पन त्येचं ऐकतंय कोन? म्हनून म्हटलं, ज्यानं केलंय त्येच्याकडनंच लिहून आनावं. खरं हाय का त्ये?

राजस: खरं आहे. रिकामा आकडा आला की माझा दुभाषी शून्य सांगतो.

मीनाक्षी: पण तू त्यात लिहिलंयस ना, हमी नाही म्हणून? आहे तसं घ्या, बिघडलं तर माझ्यावर नाही. तूच मला वाचून दाखवलं होतंस.

राजस: लिहिलंय. सगळेच लिहितात.

क्रांती: वैनी, चैताच्या जत्रंला जोतिबाच्या वाटंवर पानपोई घालत्यात. पैसा घेत न्हाय कोन. म्हनून पानी गाळायचं सोडत्यात व्हय?

मीनाक्षी: तसं नव्हे हो. याला सोमवारी पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचंय. ज्या कंपनीचा तो डेटाबेस, तिथंच. ही लायब्ररी बघूनच घेतलंय त्याला. इतकी वर्षं माझ्या पेन्शनवर दोघांनी काढली. आता जायच्या तोंडावर यानं लिहून द्यायचं, की मी चुकलो?

क्रांती: चूक कुनाची हुईत न्हाय? तेवढ्यावर कोन घरला धाडतंय का?

राजस: नुसती चूक नाही, मावशी. मला माहीत होतं.

क्रांती: म्हंजे?

राजस: आठ महिन्यांपूर्वी फिनलंडच्या एकानं मला लिहिलं होतं, रिकाम्या जागी शून्य येतंय म्हणून. मी उत्तर दिलं, बघतो. ते बदललं असतं तर कितीतरी जुने प्रोग्रॅम अडले असते, लोकांनी माझ्या नावानं खडे फोडले असते, आणि माझे इंटरव्ह्यू चालू होते. वाटलं, एका शून्यानं कुणाचं काय बिघडतंय?

क्रांती: माजं बिघडलं की रं.



मीनाक्षी: आठ महिने! मला बोलला नाहीस.

राजस: कुणालाच बोललो नाही. लाज वाटत होती. आई, कागद दे.

मीनाक्षी: मग एवढंच लिही, चूक लायब्ररीची आहे, बाईंचा दोष नाही. कधी कळलं ते कशाला? तेवढ्यानं यांचं काम होतंय ना?

राजस: होईल, मावशी?

क्रांती: व्हईल की. मला तेवढं रग्गड हाय. कुनाच्या लेकराच्या पोटावर पाय द्याय आलो न्हाय मी. पन एक इचारतो. ह्यो तुजा दुभाषी आमच्याच फौंड्रीत हाय का?

राजस: नाही. गेल्या महिन्यात एकोणीसशे ठिकाणी उतरवून घेतलाय. कुणी, कुठं, मला माहीत नाही. त्यात दोन दवाखाने आहेत, त्यांनी आभार कळवले होते.

क्रांती: दवाखान्यात बी रिकामं सोडलं की शून्य?

राजस: हो.

मीनाक्षी: राजस, तीस वर्षं पेपर तपासले मी. गैरहजर पोरापुढं कधी शून्य मांडलं नाही. मांडलं असतं तर न आलेलं पोर नापास झालं असतं. तारीख घाल. कधी कळलं, का थांबलास, सगळं घाल.

राजस: आणि सोमवार?

मीनाक्षी: सोमवारचं सोमवारी बघू. मला भीती वाटतेय, नाही असं नाही. पण लिही.

राजस: आधी मावशींचं पत्र करतो, म्हणजे त्या निघतील. बाकीच्यांना संध्याकाळी सावकाश कळवतो.

क्रांती: सावकाश न्हाय. आत्ता.

राजस: मावशी, दुरुस्त करून लायब्ररीच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावायची म्हणजे दीड-दोन तास जातील. तुमची चौकशी चारला आहे.

क्रांती: ठावं हाय मला. आमच्यात खराब माल घावला की आदी गेटवरची गाडी थांबीवत्यात, कागुद मागनं. तू त्यास्नी कळीव. मी बसतो.