दोनशे तीन

— नाही हो काका, बिघडलेलं नाही, छान चालतंय कुलूप, तरी बदलायचंय — का म्हणजे? बदलायचंय म्हणजे बदलायचंय! — चिडले नाही मी, तुमच्यावर कशाला चिडू? तुम्ही स्क्रू काढा. फक्त दार एवढं सताड उघडं नको, जरा लोटून घ्या — लोटून काम कसं होणार, तेही खरंच. जिन्यात कोण आहे? — मांजर? नक्की मांजरच ना? अगं बाई, जीवच गेला माझा.

एकटीच राहते मी. त्या दुसऱ्या चपला होय? मैत्रिणीच्या, विसरून गेली — आणि कपही दोन आहेत, बघितलेत तुम्ही. जाऊ दे, तुम्ही वडिलांच्या वयाचे, तुमच्यापासून काय लपवायचं? ताई आहे आत, मोठी बहीण, झोपलीय. हळू बोला. तिला म्हटलंय, कुलूप अडकतं म्हणून बदलतेय.

नवऱ्याला सोडून पळालीय ती. भाऊजींनी — भाऊजी कसले, तोंडाला सवय — त्यानं दोनदा हात मोडला तिचा. अशा बायकांना आसरा देणारी संस्था आहे ना, मी तिथली कॉम्प्युटरवाली, मीच तिला तिथं ठेवलं. तर हा फाटकावर येऊन तमाशा करून गेला. म्हणून गेल्या आठवड्यात तिला इथं आणलं आणि नियम म्हणून हा पत्ता संस्थेच्या कॉम्प्युटरवर तिच्या नोंदीत मीच भरला. मीच!

नोंद ऑफिसातूनच उघडते, बाहेरच्याला दिसत नाही, असं मी छातीठोक सांगायचे सगळ्यांना. कसं, ऐका. नेटच्या प्रत्येक जोडणीला नंबर असतो, घराला असतो तसा. आमच्या भागात पुढचे आकडे सगळ्यांचे सारखे, फरक शेवटच्या आकड्यात — आमच्या ऑफिसचे वीस ते तीस. कोणी आलं की माझा प्रोग्राम बघतो, हा वीस-तीसच्या मध्ये बसतो का? बसला की या आत, पासवर्डसुद्धा विचारायचा नाही — ऑफिसातल्या बायका पासवर्ड विसरायच्या, मला दिवसाला दहा फोन, म्हणून ती सोयही माझीच! आता सांगा, दोनशे तीन वीस-तीसच्या मध्ये येतो का? पोरसुद्धा सांगेल, नाही. पण मी ते आकडे म्हणून ठेवलेच नाहीत काका, शब्द म्हणून ठेवले, आणि शब्द लागतात शब्दकोशासारखे, एकेक अक्षर बघून. मग दोन-शून्य-तीन जाऊन बसतो दोन-शून्यच्या पुढे, तीन-शून्यच्या अलीकडे. झाला आतला! तपासलं नव्हतं का? तपासलं की! पंचवीस घातला, आत. पंचेचाळीस घातला, बाहेर. वा वा म्हटलं आणि चहाला गेले.

निघालं का जुनं? बसवा बाई नवं लवकर, दाराला नुसतं भोक दिसतंय.

दोनशे तीन कोणाचा? ताईच्या नवऱ्याच्या गोदामाचा. ऑफिसच्या मागच्याच गल्लीत आहे. गेल्या महिन्यात ताईच्या ईमेलमध्ये शिरायला बघत होता तो याच नंबरावरून, पाठ आहे मला. आज अकरा वाजून दहा मिनिटांनी ताईची नोंद उघडलीय दोनशे तीननं. चार मिनिटं उघडी होती. पत्ता वाचायला चार मिनिटं लागतात? — पोलिसांना सांगणार आहे हो! आधी कुलूप, मग पोलीस. ताईला? तिला कुठल्या तोंडानं सांगू? किती महिन्यांनी दिवसा झोपलीय ती. मी म्हटलं होतं तिला, माझ्याकडे तुला कोणी शोधू शकत नाही, सगळा बंदोबस्त मी स्वतः केलाय —

थांबलात का? माझ्या मागं काय बघताय?

ताई. कधी उठलीस? — अगं, चपला कशाला घालतेस? ऐक, नोंद बंद केलीय मी — थोबाडीत मार माझ्या, पण बाहेर जाऊ नकोस! काका, तिला सोडू नका, तुम्ही दारातून हलूच —

श्शू.

हे मांजर नाही. काका, दार लावा. — नवं बसलंच नाही अजून? मग जुनं कुलूप कुठं ठेवलंत?