हात थांबला तिथं

— नाही हो, बटण नसतं त्याला. सगळ्यांना वाटतं, एक बटण दाबलं की बोटांतून चांदण्या सांडायला लागतात. बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचं चाक निघालंय, इकडं बसा. तर नृत्याच्या बाईंच्या सत्कारातली ती फिल्म बघितलीत, आणि तुम्हाला तसंच हवंय — वडील निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून चालत बाहेर येतायत आणि मागून सोनेरी कण, बरोबर? आणि मध्येच एका जागी कणांचा ढीग होतो, तो तर हवाच. या महिन्यातले तुम्ही पाचवे. सगळ्यांना ढीगच हवा.

तो ढीग कसा झाला ठाऊक आहे? बाईंच्या मुलीनं टेप आणली होती, पस्तीस वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची, बाई तेव्हा ऐन तिशीत. म्हणाली, आईच्या बोटांतून प्रकाश सांडला पाहिजे. आता यात करायचं काय, तर बोट जाईल तसा प्रत्येक फ्रेमला एक ठिपका ठेवत जायचं — सेकंदाला पंचवीस फ्रेम, करा हिशेब — त्या ठिपक्यांची वाट तयार होते आणि कण जिथून सुटतात ती जागा त्या वाटेवरनं पळवायची. ती पुढं पळते, कण मागं राहतात, तरंगतात, विझतात. सोपंय. चार दिवस मान धरली माझी, पण सोपंय. आणि एका जागी बघते तर हात थांबलेला. हवेत. चांगले दोन सेकंद. हात थांबला म्हणून कण सुटायचे थोडेच थांबतात? झालं तिथं मधमाश्यांचं पोळं. मुलगी म्हणाली, ताई, हे काढा, आई चुकली असं दिसतंय. काढलं. मधल्या फ्रेम गाळल्या, आजूबाजूच्या जरा ताणल्या — काय सुरेख फिरला हात! कुणाच्या बापाला कळलं नसतं.

सत्काराच्या आदल्या दिवशी बाई स्वतः आल्या. दोन जिने चढून, काठी टेकत, मुलीला न सांगता. फिल्म बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. म्हणाल्या, "माझं थांबणं कुठं गेलं?" मी म्हटलं, बाई, ते जरा चुकल्यासारखं — "चुकले नव्हते मी. लेकीचे बाबा पहिल्या रांगेतून उठून गेले तेव्हा. मी दाराकडं बघत होते." मला वाटलं, गेले असतील पाय मोकळे करायला. तर म्हणाल्या, "परत आलेच नाहीत. लेकीला सांगितलं, लांब नोकरी लागली." इतकं सरळ सांगितलं हो, जसं काही कुणी दूध आणायला गेलंय. मी विचारलं — विचारायला नको होतं, पण विचारलं — मग तुम्ही हात पुढं कसा नेलात? "वाजवणारे थांबले नव्हते ना," म्हणाल्या. "नाच सगळा गुरूंनी बसवलेला. तो पुढं नेलेला हात तेवढा माझा. तो ठेवा."

ठेवला. म्हणजे गाळलेलं थांबणं ढिगासकट परत घातलं, मुलीला न विचारता. आणि सत्काराला काय, त्या ढिगाला टाळ्या! लोकांना वाटलं, वा, काय इफेक्ट दिलाय. मुलगी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती, आईकडं बघत होती. घरी जाताना बाईंनी गाडीतच तिला सगळं सांगितलं म्हणे. आता आईशी पूर्वीपेक्षा जास्त बोलते — आणि माझा फोन उचलत नाही. घ्या! राग माझ्यावर. चालायचंच.

तर तुमचे वडील. बघितली मी क्लिप. फाटकातून निघतात, गाडीत बसतात, मागं वळून बघायचंसुद्धा नाव नाही. सुखी माणूस. मग ढीग कशाचा करू मी? ... खोटा? करते की. खोट्यात हात बसलाय माझा — सासूबाईंना दर रविवारी फोनवर सांगते, हे साइटवर आहेत, तिथं रेंज नाही, तुमची फार आठवण काढत होते. दोन वर्षं झाली. मध्ये तर यांना खोकला झाला होता, तोही मीच बरा केला. आणि सासूबाई पण अशा, एकदाही विचारत नाहीत, एवढी कसली गं साइट — मला कधीकधी वाटतं, त्यांना पहिल्या रविवारीच...

काय? नाही, कुठं काय. साइटवरच असतात हे. पेन ड्राइव्ह ठेवा इथं. ढीग फाटकापाशी टाकते. शुक्रवारी या — उठा हो आता, मला काम आहे.