मयताने केलेल्या दुरुस्त्या

जबाब, दिनांक १५ ऑक्टोबर २०१४

नाव मो ह्येरान, वय ४६ वर्षे, व्यवसाय नोकरी (बेकगोक विद्यापीठ ग्रंथालय, जुन्या कागदपत्रांचा विभाग), राहणार सोशिन-दोंग, चोंजू.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलीसह राहते. एकोणीस वर्षांपासून विद्यापीठात जुने कागद सांभाळते. पत्रकार प्यो बंधूंचे खासगी कागद माझ्या ताब्यात आहेत. थोरले प्यो इनहाक, धाकटे प्यो इनग्यू. दोघे आमच्याच विद्यापीठात शिकले, दोघांनी विद्यार्थ्यांचे साप्ताहिक चालवले आणि पुढे शहरातल्या एकाच वर्तमानपत्रात नोकरीला लागले.

१९७५ साली मालकांनी सर्वांकडून हमीपत्र मागितले की, बातमी छापण्याआधी सरकारी माणसाला दाखवू आणि त्याबद्दल ब्र काढणार नाही. थोरल्यांनी सही केली नाही. त्यांना आणि आणखी तेरा जणांना घरी बसवले. धाकट्यांनी सही केली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच कार्यालयात इतरांच्या बातम्या दुरुस्त केल्या. तेव्हापासून भावाभावांत अबोला. आईच्या वर्षश्राद्धाला दोघे एकाच टेबलाशी जेवायला बसत, पण बोलत ते आईच्या तसबिरीशी. "आई, त्याला सांग, सूप गार होतंय." "आई, त्याला म्हणावं, मला डोळे आहेत." हे मला थोरल्यांनीच सांगितले होते. सांगताना ते हसत होते.

थोरले अविवाहित होते. २०१२ साली ते वारले. त्याआधी त्यांनी कागदांच्या दहा पेट्या आम्हाला दिल्या आणि अकरावी मोहोरबंद दिली. अट अशी की, ती पेटी इनग्यू वारल्यावरच उघडावी आणि पुरावा म्हणून वर्तमानपत्रातली निधनवार्ता चालेल. मी म्हटले होते, "सर, सरकारी दाखला घेतलेला बरा." त्यावर ते म्हणाले, "पोरी, सरकारच्या कागदावर मी कधी विश्वास ठेवला, की आता ठेवू? छापून आलं की मेला समज." या अटीची एक प्रत धाकट्यांना टपालाने पाठवली होती.

दिनांक १० रोजी, शुक्रवारी सकाळी, मी पेपरात वाचले की ज्येष्ठ पत्रकार प्यो इनग्यू (७४) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, देहदान करण्यात आले आहे, कोणी भेटीस येऊ नये, त्यांच्या पश्चात कोणीही नाही. मला वाईट वाटले. सोमवारी त्यांच्या पुतण्याचा म्हणून फोन आला की पेटी पाहायची आहे. मी मंगळवारी दुपारी दोनची वेळ दिली. थोरल्यांचे लग्न झालेले नव्हते, तर पुतण्या आला कुठून, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही. चूक माझी.

काल, दिनांक १४ रोजी, दोन वाजता तोंडाला मास्क आणि डोक्याला टोपी असलेले एक वयस्कर गृहस्थ आले. मी पेटीची मोहोर आधीच काढून ठेवली होती. आत फक्त एक बंद लिफाफा होता. गृहस्थांनी नोंदवहीत सही केली. मी ती वाचली. प्यो इनग्यू. मग त्यांनी मास्क खाली केला.

मी किंचाळले. वाचनकक्षात आवाज करू नये अशी पाटी आहे, ती माझ्याच अक्षरातली आहे.

"ओरडू नका बाई, मेलेला माणूस दचकतो," ते म्हणाले.

"तुम्ही तर गेलात! शुक्रवारी! मी पेपरात वाचलं!" मी खुर्ची धरून उभी होते.

"फोन करून मीच दिली बातमी. नवीन पोरगा होता डेस्कवर. उलट तपासलीच नाही त्याने. आमच्या वेळी कान उपटला असता."

"मग इथे तरी खोटं नाव लिहायचं होतं!"

"एक सही केली, ती चाळीस वर्षं भोगतोय. आता दुसरी खोटी कशाला करू?"

ते बसले. त्यांना दम लागला होता. डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे, असे त्यांनी सांगितले. "मी मेल्यावर ही पेटी उघडणार आणि सगळं गाव वाचणार. फक्त मी नाही. त्याने मला काय म्हणून लिहून ठेवलंय, एवढंच कळू द्या. भित्रा म्हटलं असेल तर भित्रा. पण मला कळू द्या."

नियमाप्रमाणे मी पेटी परत कोठीत न्यायला हवी होती. विद्यापीठाच्या तक्रारीत, आरोपीने लिफाफा हिसकावून घेतला, असे लिहिले आहे. ते खरे नाही. लिफाफा मी फोडला आणि त्यांच्यासमोर ठेवला. पेन्सिल मी दिली, कारण तिथे शाईला मनाई आहे आणि त्यांनी खिशातून पेन काढले होते.

आत चौकटींच्या कागदाची दोन पाने होती. वर मथळा होता, 'प्यो इनग्यू यांचे निधन'. वर्तमानपत्रवाले मोठ्या माणसांच्या निधनाच्या बातम्या आधीच लिहून ठेवतात, तशी ही लिहून ठेवलेली होती. तारीख आणि वय यांची जागा कोरी होती.

धाकटे प्यो यांनी पेन्सिल घेऊनच वाचायला सुरुवात केली. पदवीचे साल त्यांनी ६२ चे ६३ केले. 'निष्णात' आणि 'व्यासंगी' हे शब्द खोडले. "विशेषणं फार पेरतो. तेव्हाही सांगायचो, ऐकेल तर शपथ." मग तिसऱ्या परिच्छेदापाशी ते थांबले. मी घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे पेन्सिल त्या एकाच ओळीवर होती. तिथे लिहिले होते, "१९७५ साली आई अंथरुणाला खिळली असता, घरात एक पगार सुरू राहावा म्हणून, थोरल्या भावाच्या आग्रहावरून त्यांनी हमीपत्रावर सही केली."

"साफ खोटं," ते म्हणाले. "आदल्या संध्याकाळी हा माझ्या दारात उभा होता. इनग्यू, सही करू नकोस, आईचं मी बघतो, म्हणाला. मी दार लावून घेतलं. घाबरलो होतो, बाई. बाकी काही नाही." मग म्हणाले, "जन्मात एकच खोटी बातमी लिहिली गाढवाने. तीही माझ्यासाठी."

त्यांनी त्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिले, 'थोरल्या भावाने नको सांगूनही, भीतीपोटी'. अक्षर वाचता येते. उरलेले वाचून कागद मला परत दिले आणि म्हणाले, "लावा मोहोर. खरा मेलो की उघडा." मी तेव्हा रडत होते. आपण विचारलेत म्हणून सांगते.

तीन पन्नासला माझे वरिष्ठ आले. मयत माणूस शेजारच्या खोलीत माझ्यासमोर चहा पितो आहे हे पाहून त्यांची बोबडी वळली. त्यांनी पोलिसांना बोलावले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्येरान, 'हिसकावून घेतला' एवढं लिहून दे. म्हातारा चार महिन्यांचा सोबती, त्याला काय फरक पडतो? तुझी तरी नोकरी राहील." ते माझ्या भल्याचेच बोलत होते. माझी मुलगी बारावीत आहे. काल संध्याकाळी मी त्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही केली.

ती सही मी भीतीपोटी केली. ती आज मागे घेते. नोकरीचे काय होईल ते होईल. रात्रभर मला त्यांनी त्या ओळीवर लिहिलेले तेच पाच शब्द दिसत होते.

कागदांवर आरोपीच्या हातच्या खुणा किती, असे आपण विचारले. चार आहेत. एक साल, दोन विशेषणे आणि वर सांगितलेली ओळ. कागद आपल्यासमोर आहेत. बातमीचे शेवटचे वाक्य असे आहे, "त्यांच्या पश्चात एक भाऊ आहे." थोरले दोन वर्षांपूर्वीच वारल्याने हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. धाकटे प्यो यांनी ते तीनदा वाचले, पेन्सिल त्यावर नेली आणि मग टेबलावर ठेवली. त्या वाक्यात दुरुस्ती केलेली नाही.

माझा हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे व खरा आहे. त्यात काही खोडायचे किंवा घालायचे नाही.

समक्ष सही,
मो ह्येरान